खंडेनवमीची बंदूक

ती गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये उतरली तेव्हा ती गाडी आहे हे आमच्या मालकाने, अर्बाबने, सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. ट्रेलरवर ताडपत्री, ताडपत्रीखाली गंजलेल्या जाड पत्र्यांचा ढीग, तारांच्या आऱ्यांची चार चाकं आणि दोन लाकडी पेट्या. काकांनी एक पत्रा बोटांच्या पेरांनी वाजवून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, ह्या भंगारात घालूचा की भंगारातसून काढूचा?"

काका आमचे फिटर. मूळचे सिंधुदुर्गातले, ओमानात तीस वर्षं काढलेले. सगळे त्यांना काकाच म्हणत, अर्बाबसुद्धा. ग्राइंडरच्या आवाजाने कान निम्मे गेले होते, त्यामुळे ते लोखंडाचं सगळं बोटांनी ऐकायचे. वर्षभरात ते कायमचे घरी जाणार होते. गावी काकी एकट्या होत्या. मी त्याच वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करायची. अल अमेरातच्या औद्योगिक भागात पाण्याच्या टाक्या, जिने, गेट, पार्किंगच्या शेड असलं काम चालायचं. सगळे पुरुष, त्यात मी एकटी बाई, आणि जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती.

त्या गाडीपायी काकांच्या जिवावर बेतलं, आणि ते माझ्या एका हट्टामुळे. हे वाक्य आज मी सरळ लिहून मोकळी झाले. तेव्हा ते एका माणसापुढे उच्चारायला मला दोन वर्षं लागली.

गाडी होती दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, टेहळणीची चिलखती गाडी. अर्बाब तरुणपणी सैन्यात होता आणि जुन्या गाड्यांचं त्याला वेड होतं. आपल्या खजुराच्या बागेत एक मोठी शेड बांधून त्याला तिथे संग्रहालय करायचं होतं. कुठल्या तरी परक्या वाळवंटातल्या भंगारवाल्याकडून त्याने हा सांगाडा उचलला होता. गायब झालेले पत्रे मोजून, आखून, पुन्हा बनवायचं काम माझं, आणि ते बसवायचं काकांचं.

सुरुवातीला मी कपाळावर हात मारून घेतला. टाक्यांची ड्रॉइंग करणाऱ्या बाईने चिलखती गाडी काय आखायची! पण अर्बाबने जुन्या फोटोंचे दोन जाडजूड खंड आणि एक फाटकी सैनिकी पुस्तिका माझ्या टेबलावर आणून आदळली, आणि मी त्यात कधी बुडाले ते मलाच कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तिका उघडी असायची.

असल्या गाड्यांसाठी पहिल्यांदा सैन्यांनी सरळ मोठ्या प्रवासी मोटारीच घेतल्या होत्या. वरची गाद्या-बिद्यांची हौस काढून टाकायची आणि त्याच सांगाड्यावर पोलादी पत्र्याची पेटी ठोकायची. पत्रा रायफलची गोळी अडवेल एवढाच, त्याहून जाड केला तर आस वाकायचा. वर एक गोल फिरता बुरूज, बुरुजात एक मशीनगन. मग वाळूत चाकं रुतायला लागली म्हणून मागे जोडचाकं आली, पुढे सहा चाकं आली. बंद बुरुजात माणसं उकडून निघायची म्हणून काहींनी बुरुजाचं झाकणच कापून टाकलं. समोरच्यानेही पत्रे चढवल्यावर पत्रा फोडणारी लांब जड रायफल आली. पत्रा वाढला की बंदूक वाढायची आणि बंदूक वाढली की पत्रा. सासू-सुनेचं भांडण बरं, ते निदान एकाच घरात तरी राहतं.

एकदा मी अर्बाबला विचारलं की एवढ्या पातळ पत्र्याची गाडी लढाईत टिकायची कशी. तो हिंदी झकास बोलायचा. म्हणाला, "मॅडम, ये लड़ने वाली गाड़ी नहीं है. इसका काम, आगे जाओ, देखो, वापस आओ, सच बोलो. खलास." मला ते भारी आवडलं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आता त्या दोन पेट्या. एका पेटीत बंदूक होती, सगळ्या कागदांसकट आलेली. नळीत पोलादाचा दट्ट्या ठोकून वेल्ड केलेला, काडतुसावर आपटणारी आतली टोची कापलेली, निकामी केल्याचा दाखला, त्यावर बंदुकीचा नंबर, पोलिसांची परवानगी, सगळं चोख. दुसऱ्या पेटीवर ‘सुटे भाग’ असं लिहिलं होतं. ती उघडली तर वाळूने भरलेले नट-बोल्ट, दोन दिव्यांचे सांगाडे, आणि तळाशी चिंधी गुंडाळलेली दुसरी बंदूक. पहिलीसारखीच, पण गंजून लाल झालेली आणि सगळीकडून धरून जाम झालेली.

ह्या बंदुका पाण्याने थंड व्हायच्या. नळीभोवती पाण्याचं एक लांब गोल जाकीट असायचं, चारेक लिटर पाणी मावेल एवढं. पहिल्या बंदुकीचं जाकीट गुळगुळीत होतं. दुसरीच्या जाकिटाला लांब खाचा होत्या. मी फोटोंचे खंड उघडून बसले. आमच्या गाडीच्या काळातल्या प्रत्येक फोटोत बुरुजातून बाहेर आलेलं जाकीट खाचांचं होतं. गुळगुळीत जाकिटं नंतरच्या लढाईतली. म्हणजे दाखल्याची बंदूक चुकीच्या काळातली, आणि बिनदाखल्याची बरोबर.

माझं डोकंच फिरलं. गेले तीन महिने मी रिव्हेटमधलं अंतर व्हर्निअरने मोजत होते, आणि आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मोबाईल दिसावा तशी ही बंदूक त्यात खुपसायची? अर्बाब तेव्हा पंधरा दिवस परदेशी गेला होता. त्याला विचारलं असतं तर त्याने पोलिसांना विचारलं असतं, पोलिसांनी आणखी कागद मागितले असते, आणि उद्घाटन पुढे गेलं असतं. मी विचारलं नाही. मी काकांना सांगितलं, ती गुळगुळीत काढा आणि खाचांची लावा.

काका बुरुजात वाकले होते. त्यांनी मान वर केली. "हिचो कागद खय असा?"

"कागद मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही बंदूक लावा."

"बाय, पोलिसांचा काम असा ह्या."

"काका, तुम्ही पान्याचं बघा, कागदाचं मी बघते म्हटलं ना!" मी आवाज चढवला. तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. दोघांच्या मदतीने त्यांनी बंदुका बदलल्या. काढलेली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात लेथवर होते. माझं लहानपण त्या कॉलनीत गेलं. ते म्हणायचे, बंदुकीला कागद विचारू नये, तिला उघडून बघावं. मी कागदही विचारला नाही आणि उघडूनही बघितलं नाही. ती उघडतच नव्हती. गंजलेली वस्तू मेलेली असते असं मी धरून चालले.

हे सगळं दोन हजार सतरा सालचं. नवरात्र चालू होतं, आणि त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. शुक्रवारी वर्कशॉप बंद. अर्बाबला पूजेचं माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी आपसात काय करायचं ते करा, सुट्टी संपली की कामाला लागा, एवढंच तो म्हणायचा. काका दर वर्षी सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, लाल कपड्यावर मांडायचे. पाने, छिन्न्या, व्हर्निअर, ड्रिलचे बिट. रुवीच्या बाजारातून झेंडू यायचा. सांगलीचा एक वेल्डर आणि एक मलयाळी टर्नर त्यांच्याबरोबर असायचे.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे शस्त्रं पुजत नाहीत. दसऱ्याला आमची अशोक विजयादशमी, पांढरे कपडे, वंदना, आणि मग सगळ्यांनी मिळून खीर. काकांना मी चिडवायची, "काका, यंत्राला ग्रीस कळतं हो, कुंकू कळत नाही." ते म्हणायचे, "कुंकू माका कळता, यंत्राक ग्रीस. दोघांचा भागता." आदल्या वर्षी मी पूजा बघायला गेले होते. लाल कपड्यावर पान्यांच्या शेजारी तिघांचे मोबाईलही ओळीने मांडलेले, त्यांनाही हळद-कुंकू. आता तेही हत्यारच ना, असं त्यांचं म्हणणं. आणि मांडलेल्या वस्तूला आरती होईपर्यंत हात लावायचा नाही. मधेच एकाचा फोन वाजला तर तिघेही फुलांतून चमकणाऱ्या त्या पडद्याकडे नुसते बघत बसले. मी हसून हसून दमले होते. देव काही फोन उचलणार नाही, असंही म्हटलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी काकांचा फोन आला. अल घुब्रातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या दिवशीच्या खिरीचे बदाम सोलत बसले होते. नवरा ड्यूटीवर. काका म्हणाले की तीन दिवस डिझेल सोडतोय तरी त्या बंदुकीची उजवीकडची, गोळी भरताना मागे ओढायची मूठ हलत नाही.

"राहू दे की," मी म्हटलं. "संग्रहालयात कोण हलवून बघणार आहे?"

"आज पूजा असा मा. हत्यार चलता व्हया. गंजान धरलेल्या हत्याराची पूजा कसली? इल्लीशी आग दाखवतंय, सुटात."

धरलेला बोल्ट गरम करून सोडवायचा, ही वर्कशॉपमधली रोजची रीत. मी "हो हो, करा" म्हटलं आणि फोन ठेवला. माझं लक्ष बदामांत होतं.

बदाम झाले. मग संग्रहालयातल्या माहितीफलकाचा मजकूर पुरा करावा म्हणून मी टेबलाशी बसले. बंदुकीचं वर्णन लिहायचं होतं, म्हणून फोनमधले तिचे फोटो मोठे करून बघायला लागले. जिथून गोळ्यांचा पट्टा आत जातो त्या खाचेत एक चिंधी अडकलेली दिसली. पेटीत गुंडाळलेल्या चिंधीचाच तुकडा, असं मी फोटो काढताना समजले होते. आता मोठं करून बघितलं तर चिंधीला शिवण होती. शिवणीत दोन पितळी पट्ट्या होत्या.

ह्या बंदुकांचे पट्टे कापडी असायचे. मी पुस्तिका ओढली. पान मला पाठ होतं तरी पुन्हा वाचलं. पट्टा आत असेल आणि मूठ पुढे असेल, तर एक गोळी नळीत बसलेली असते. मूठ पुढे होती. काका तीन दिवस तीच मागे ओढायला बघत होते.

गोळी तापली तर तिला चाप लागत नाही, हे मला पाचवीत असल्यापासून माहीत होतं.

मी काकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग वेल्डरला, मग टर्नरला. तिघांचेही फोन वाजत होते, एकही उचलला जात नव्हता, आणि मला दिसत होतं की ते कुठे वाजताहेत. लाल कपड्यावर, झेंडूत. माझंच वाक्य मला आठवलं आणि मी रिकाम्या घरात मोठ्याने रडले. वॉचमनला लावला, तर त्याचा बंद. जुम्याच्या नमाजाची वेळ जवळ आली होती.

पोलिसांचा नंबर माझ्या बोटाखाली होता. मी तो दाबला नाही. दाबला असता तर पहिला प्रश्न आला असता, ही बंदूक तिथे लावली कुणी? त्या क्षणी, काकांचा जीव टांगणीला असताना, माझ्या मनात हा हिशोब चालला होता. ह्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मी गाडीची किल्ली घेऊन धावले. बौशरकडून डोंगर चढून अमेरातला उतरणारा रस्ता तेव्हा रिकामा होता. चढावर माझी छोटी गाडी कण्हत होती आणि मी स्टिअरिंगवर मुठी आपटत होते. एका हाताने पुन्हा पुन्हा काकांचा नंबर. माथ्यावरून खाली अमेरात दिसायला लागलं, पांढरी घरं, मागे करडे डोंगर, आणि मी तेवढ्या लांबून वर्कशॉपचं छप्पर शोधत होते. उतारावर ब्रेकचा जळका वास यायला लागला. काकांना काही झालं तर मी काकींना काय सांगू, एवढाच प्रश्न डोक्यात घुमत होता. काकींचा चेहराही मी कधी पाहिलेला नव्हता.

वर्कशॉपचं मोठं शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले तर पहिल्यांदा गॅसच्या टॉर्चचा फुस्स आवाज ऐकू आला. म्हणजे अजून काही झालं नव्हतं. मग मी समोर बघितलं.

गाडी मधोमध उभी होती, नवी रंगवलेली, वाळूच्या रंगाची. बुरूज दाराकडे वळवलेला. बुरुजातून बंदूक पुढे आलेली, आणि बरोबर तिच्या तोंडासमोर, चारेक हातांवर, लाल कपडा अंथरलेला. बंदुकीचीही पूजा करायची होती ना! वेल्डर आणि टर्नर तिथे मांडी घालून बसले होते. एक जण फुलं लावत होता, दुसरा नारळाची शेंडी सोडवत होता. बाजूला स्टुलावर उभे राहून काका बुरुजात हात घालून बंदुकीच्या मुठीवर निळी ज्योत धरून होते. लाल कपड्यावर काकांचा फोन वाजत होता. माझाच.

"उठा! बाजूला व्हा! समोरून हटा!" मी ओरडले. ते दोघे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी वेल्डरच्या दंडाला धरून त्याला खेचलं, तसे ते उठून धावले. काकांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांची माझ्याकडे पाठ होती. त्यांच्या खांद्याला हात लावला असता तर ज्योत कुठे गेली असती कोण जाणे. मी सिलिंडरकडे पळाले आणि दोन्ही कॉक बंद केले. टॉर्च फट् करून विझला.

काका चिडून वळले. मला बघून थांबले.

"गोळी आहे आत," मी म्हटलं. मग त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "काका, गोळी आहे! नळीत! उतरा!"

त्यांनी बंदुकीकडे बघितलं. मूठ लाल नव्हती झाली, पण तिच्याभोवतीचा नवा रंग फुगून काळा पडला होता आणि धूर येत होता. मी त्यांचा हात ओढत होते. त्यांनी तो सोडवून घेतला, अगदी हळू. "आग काढली म्हणान ता थंड होवचा नाय," ते म्हणाले. "भितूर जाता अजून ताप."

"जाऊ द्या! बाहेर चला!"

"गाडयेचो रेडिएटर तापलो तर काय करतस?"

आणि ते नळाकडे गेले. मी दाराच्या आडून किंचाळत होते, शिव्या देत होते, देवाधर्माचं वावडं असलेली मी त्यांना त्यांच्याच देवाच्या शपथा घालत होते. त्यांनी बादली भरली. जाकिटावर मागच्या बाजूला पाणी भरायचं एक बूच असतं. ते त्यांनीच आठवड्यापूर्वी घासून मोकळं केलं होतं. बंदुकीच्या तोंडापासून दूर, बाजूला उभे राहून, त्यांनी ते बूच फिरवलं आणि पूजेच्या तांब्याने पाणी ओतायला लागले. पहिल्या तांब्याला वाफेचा लोट उठला. गंजलेल्या जाकिटातून खाली धारा लागल्या. ते ओततच राहिले. एक बादली संपली, दुसरी भरून आणली. मी मोजत नव्हते, मी फक्त त्यांचा हात बघत होते. तो हात अजून जागेवर आहे, एवढंच.

वाफ यायची थांबली तेव्हा ते बाहेर आले. शेडच्या सावलीत आम्ही चौघे बसलो. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांची बोटं माझ्या दोन्ही हातांत धरली.

मग मी अर्बाबला फोन केला. तो आदल्या रात्रीच परतला होता. एवढंच सांगितलं की बंदुकीत गोळी सापडली. त्याने पोलिसांना कळवलं आणि तोही आला. पोलिसांच्या दारूगोळ्याच्या माणसांनी आम्हाला रस्त्यापलीकडे घालवलं. दोन तास लागले. शेवटी त्यांचा अधिकारी तळहातावर काहीतरी घेऊन आला. हिरवट पडलेलं काडतूस. त्याने ते उलटं करून दाखवलं. बुडाला, मधोमध, एक छोटा खळगा होता.

"देखो," तो म्हणाला. "किसी ने चलाया था. चला नहीं."

म्हणजे ऐंशीएक वर्षांपूर्वी त्या बुरुजातून कुणीतरी कुणावर तरी चाप ओढला होता, आणि ही गोळी फुटली नव्हती.

"तेव्हाय कोणतरी वाचलो," काका मला म्हणाले. "त्येका म्हायतसुद्धा नसताला."

तेवढ्यात अधिकाऱ्याने विचारलं, "ये गन किसने लगाया? पेपर तो दूसरे नंबर का है."

अर्बाब आमच्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. जिभेला हाड नसलेली बाई मी, आणि त्या क्षणी माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांसमोर नोकरी आली, व्हिसा आला, घुब्राचा फ्लॅट आला. आणि माझ्या शेजारून काका म्हणाले, "मेरी गलती, साब. दोनो पेटी एक जैसी थी. मेरे से बदल गया."

मी काहीच बोलले नाही.

अर्बाब वाईट माणूस नव्हता, पण पोलिसांपुढे त्याची मान खाली गेली होती. त्याने काकांना काढलं म्हणवत नाही, पण वर्षभराने जायचा माणूस पुढच्याच महिन्यात गेला. तीस वर्षं राबलेल्या माणसाला निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते दोरीने खोका बांधत होते. मी म्हटलं, मी उद्या अर्बाबला सगळं सांगते. त्यांनी दोरीची गाठ दातांनी आवळली आणि म्हणाले, "माझा झालाच होता. तुझा अजून खूप होवचा असा. गप रव." मी त्यांच्या पाया पडले. आमच्यात अशी पद्धत नाही, पण मी पडले. आणि मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले, कारण ते सोयीचं होतं.

गाडी बागेतल्या शेडमध्ये उभी राहिली. बुरुजात गुळगुळीत जाकिटाची, दाखल्याची बंदूक बसवली. माहितीफलक मीच लिहिला. बंदूक त्याच काळातली आहे असं त्यात मी लिहिलं.

काका गावी पोचल्यावर आठवड्याभराने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकी होत्या. "तुम्ही नसतात तर माझो माणूस खोक्यात इलो असतो," असं म्हणाल्या आणि रडल्या. मी "असू दे हो, काकी" म्हटलं. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पुढच्या खंडेनवमीला सकाळी पुन्हा फोन. तेच आभार, तीच मी, तेच "असू दे हो". आमसुलं पाठवू काय, असंही विचारलं. त्यांच्या बोलण्यात कुठे काटा नव्हता, आणि म्हणूनच मला तो फोन नको वाटायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी खंडेनवमी सोमवारी आली. मी वर्कशॉपच्या ऑफिसात होते. फोनवर त्यांचा नंबर दिसला. त्या आभार मानायला लागल्या आणि मी त्यांना मधेच तोडलं.

"काकी, थांबा. मला आभार नकोत. ती बंदूक मी लावायला सांगितली होती. काका नको म्हणत होते, कागद विचारत होते, मी त्यांच्यावर ओरडले. आणि पोलिसांपुढे त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी गप्प बसले. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. त्यांचा जीवही माझ्यामुळेच जात होता."



"माका म्हायत असा," काकी म्हणाल्या. "ते घराक इले त्याच दिवशी त्येंनी माका सगळा सांगल्यानी."

"मग तुम्ही आभार..."

"आभार जीव वाचयलात त्येचे. धावत इलात मा? ता खरा असा. आणि फोन करी होतंय तो ह्याच्यासाठी. म्हटला, आज ना उद्या बोलशात. गेल्या वर्षीपण वाट बघलंय."

मग त्यांनी फोन बाजूला धरून घरात हाक मारली, "ऐकलात काय? बोलल्यानी एकदाच्या!" आतून काकांचं "काय?" ऐकू आलं. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं. चपला फरफटत आल्या, फोनवर खरखर झाली, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात काका म्हणाले, "काय गो बाय, कागद बघलंस मा?"

"बघितला, काका," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. सगळ्या ऑफिसने वळून माझ्याकडे बघितलं, अर्बाबनेही.